सुट्या भागांतली जुनी मोटारसायकल : भाव कसा ठरवावा, विक्री कशी करावी

गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रंगकाम आणि जुन्या मालाची खरेदी-विक्री यांवर पोट असलेली आपली माणसे गावोगावी आहेत. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर किंवा घरामागच्या पडवीत एक वस्तू बऱ्याचदा सापडते : खोलून ठेवलेली जुनी मोटारसायकल. चौकट भिंतीला टेकवलेली, इंजिन पोत्यात, नट-बोल्ट डालड्याच्या डब्यात आणि टाकी खाटेखाली. कोणी हौसेने गाडी खोलली आणि मध्येच पैसा संपला. कोणाच्या वडिलांची गाडी, ते गेल्यावर तशीच पडून राहिली. कोणाकडे गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकली आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकलेच नाही.

मग एक दिवस गरज उभी राहते. मुलीची फी भरायची असते, दुकानाचे भाडे थकलेले असते, घर बदलायचे असते. अशा वेळी हा माल घाईने विकला जातो. एका बाजूने भंगारवाला काटा घेऊन उभा असतो. दुसऱ्या बाजूने कोणी सांगतो की अशाच गाडीला अमक्या शहरात लाखाच्या वर भाव मिळाला. एक भाव फार खाली आणि दुसरा फार वर. या दोन्हींमध्ये खरा भाव कुठे आहे, हे शोधण्याची रीत प्रस्तुत लेखात मांडली आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. मोटारसायकलीवर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. परंतु अपुऱ्या मालाचा व्यवहार सगळ्या धंद्यांत एकाच नियमाने चालतो. गिऱ्हाईक बंद गठ्ठा घेतो तेव्हा त्यातला कोणता तागा डागी निघेल हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो प्रत्येक ताग्याचा भाव आधीच पाडून बोलतो. गठ्ठा उघडून, तागे मोजून, डागी माल वेगळा करून समोर ठेवला की तोच गिऱ्हाईक जास्त भाव देतो. पोत्यातली गाडीही तशीच आहे. गिऱ्हाईक तिच्या किमतीतून आपल्या शंकेची रक्कम कापतो. विकणाऱ्याने जितक्या शंका आधी मिटवाव्यात, तितका भाव त्याच्या पदरात पडतो. हा एक मुद्दा ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

माल कोणता आहे ते ओळखा

सगळ्या जुन्या गाड्यांना सारखी मागणी नसते. बुलेटचे बरेचसे भाग आजही बाजारात नवे मिळतात, म्हणून तिचा एखादा भाग हरवला तरी काम अडत नाही. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० १९८० च्या दशकात थोडीच वर्षे निघाली, म्हणून तिचे अस्सल भाग दुर्मिळ आणि महाग. आपण येथे जावाचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातील गॅरेजांत ही गाडी अजून बरीच आढळते.

मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी, झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर ही गाडी भारतात बनवायला घेतली. १९७० च्या दशकात तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली. पण त्या गाड्या चार स्ट्रोकच्या, सर्वस्वी नव्या घडणीच्या आहेत. त्यांचे भाग जुन्या गाडीला चालत नाहीत. तेव्हा नवी जावा आली म्हणून जुनीचे भाग सहज मिळतील, असे समजू नये.

जुनी २५० सी.सी.ची जावा दोन स्ट्रोकची आहे. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर एकाच दांड्यावर. जावा आणि तिच्यानंतरची येझदी यांच्या इंजिनात साम्य असले, तरी टाकी, मडगार्ड, चाके, दिवा यांत फरक आहे. ढिगात येझदीची टाकी आणि जावाची चौकट असेल, तर जाणकार गिऱ्हाईक पहिल्या नजरेत ओळखतो. म्हणून आपला माल कोणत्या मॉडेलचा, कोणत्या सालचा आणि त्यात दुसऱ्या गाडीचे काय मिसळले आहे, हे एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवून आधी पक्के करावे.

आधी मालकी आणि कागद

भावाचा विचार करण्यापूर्वी हा माल विकण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे पाहिले पाहिजे. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनी हा भाग दोनदा वाचावा.

गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेली गाडी दहा वर्षे पडून राहिली, तरी ती आपली होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ठरलेले काम करून दिलेल्या कारागिराला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. अडवून ठेवता येते, विकता येत नाही. अशा गाडीच्या मालकाला किंवा त्याच्या वारसाला शोधून, रजिस्टर पत्र पाठवून, मजुरी वजा करून गाडी रीतसर आपल्या नावे लिहून घ्यावी. ते न जमल्यास वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयातून मार्ग काढावा. कागद न करता भाग विकून टाकले आणि उद्या मालक दारात उभा राहिला, तर मजुरी बाजूला राहते आणि कारागीरच आरोपी ठरतो.

वडिलांच्या नावे असलेली गाडी असेल तर सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे नोंद करण्यासाठी आर.टी.ओ.चा नमुना ३१ आहे. आर.सी. बुक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागता येते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

यानंतर क्रमांक पाहावेत. चौकटीवरचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर मातीत, रंगात किंवा ग्रीसमध्ये दडलेला असतो. तो रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करावा. काचकागद, ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश त्याला मुळीच लावू नये. मग त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि आर.सी. बुकातील आकड्यांशी ताडून पाहावा. दोन्ही नंबर जुळले तर मालाची किंमत तेथेच वाढली. न जुळले तर ती गोष्ट गिऱ्हाइकाला सांगणे भाग आहे.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. काही लोक फक्त आर.सी. बुक किंवा फक्त नंबर असलेला चौकटीचा तुकडा विकत मागतात आणि चांगले पैसे पुढे करतात. चोरीच्या गाडीवर हे कागद चढवण्याचा तो उद्योग असतो. कागद आणि चौकट कधीही वेगळी विकू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे, बाळगणे किंवा तो लपवण्यास मदत करणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हे आहेत. आणि ज्याच्या नावे बुक, त्याच्याच दारात पोलीस प्रथम येतात.

चादर अंथरा आणि मोजा

एक मोठी चादर किंवा ताडपत्री अंथरावी आणि पोती, डबे, खोकी सगळी त्यावर रिकामी करावीत. मग मालाचे चार ढीग करावेत : वापरण्याजोगा, दुरुस्तीजोगा, निकामी आणि दुसऱ्याच गाडीचा. प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी, जशी आम्ही ताग्याला बांधतो. लहान नट, वॉशर, स्पेसर कापडी पिशव्यांत घालून 'पुढचे चाक', 'चिमटा', 'मॅग्नेटो' असे वर लिहावे. मोठे भाग गिऱ्हाइकाला दिसतातच. त्याच्या मनातली भीती लहान भागांची असते, कारण एका स्पेसरसाठी गाडी सहा महिने अडते हे तो जाणून असतो.

दुसरे काम म्हणजे सांगाडा उभा करणे. चौकटीला चिमटा आणि चाके बसवावीत. त्यावर मडगार्ड, टाकी, हँडल नुसते हाताने आवळून लावावेत. यात रंग नाही, क्रोम नाही, खर्च जवळपास नाही. पण याने दोन लाभ होतात. काय कमी आहे ते आपल्याला स्वतःलाच कळते. आणि गिऱ्हाइकाला ढिगाऐवजी मोटारसायकल दिसते, तिला ढकलत टेम्पोपर्यंत नेता येते.

तिसरे काम इंजिनाचे. लेथवाल्याकडे सिलिंडर नेऊन बोअर मोजून घ्यावा. २५० जावाचा मूळ बोअर ६५ मि.मी. आणि स्ट्रोक ७५ मि.मी. आहे. बोअर किती वाढला आहे आणि पुढच्या मापाचा पिस्टन बाजारात मिळतो की नाही, हे लिहून ठेवावे. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवावा. खडखड लागली तर क्रँकचे काम आहे असे समजावे. इंजिनाच्या केसचे दोन्ही अर्धे मूळ जोडीचे आहेत का ते पाहावे, कारण दोन वेगळ्या इंजिनांचे अर्धे एकत्र केले तर बेअरिंगच्या जागा नीट जुळतील याचा भरवसा नसतो. गिअरचे दात मोजावेत आणि तपासावेत. चौकटीवर तडा, जुने वेल्डिंग किंवा वाक आहे का, हे उन्हात धरून पाहावे. टाकीच्या तळाला गंजाची भोके आहेत का, तेही पाहावे.

या सगळ्याला फार तर दोन-तीन सुट्ट्यांचे दिवस आणि लेथवाल्याची थोडी मजुरी लागते. त्याचा मोबदला किती मिळतो, ते आता हिशेबाने पाहू.

भावाचा हिशेब

खालील आकडे रीत समजावी म्हणून आम्ही मानून घेतले आहेत. आपल्या गावचे आणि आपल्या मालाचे आकडे आपण स्वतः चौकशी करून घालावेत.

समजा, कागद पूर्ण असलेली, व्यवस्थित चालणारी अशी गाडी आपल्या भागात रु. १,२०,००० ला जाते. हा आकडा घेताना लोक काय मागतात ते पाहू नये, प्रत्यक्ष सौदा कितीला तुटला ते विचारावे. आता आपला ढीग त्या स्थितीला नेण्यासाठी बाकी काम असे धरू :

इंजिन – रु. १८,०००
कमी असलेले भाग – रु. १४,०००
रंग आणि क्रोम – रु. २२,०००
टायर, वायरिंग, केबल, सीट – रु. १२,०००
जोडणीची मजुरी – रु. १०,०००
नूतनीकरण, थकलेला कर आणि इतर कागद – रु. ६,०००

एकूण रु. ८२,०००. एक लाख वीस हजारांतून हे वजा केले की रु. ३८,००० उरतात. पुष्कळ विकणारे येथेच थांबतात आणि अडतीस हजार मागून बसतात. पण गिऱ्हाईक येथे थांबत नाही. त्याला दोन गोष्टी अजून कापायच्या असतात.

पहिली, न दिसणारा खर्च. पोते बंद असेल, बोअर मोजलेला नसेल, काय कमी आहे याची यादी नसेल, तर तो मनात म्हणतो की बाकी कामाला चौथा हिस्सा आणखी लागेल. म्हणजे रु. २०,५००. दुसरी, त्याची स्वतःची धावपळ आणि अडकलेला पैसा. त्यासाठी रु. ५,००० धरू. अडतीस हजारांतून हे दोन्ही गेले की राहतात रु. १२,५००.

आता तोच माल चादरीवर मोजलेला, यादी केलेला, बोअर आणि क्रँक तपासलेला आहे असे धरा. बाकी काम तेवढेच आहे, एक पैसाही कमी झालेला नाही. पण गिऱ्हाइकाची भीती चौथ्या हिश्श्यावरून दहाव्या हिश्श्यावर आली, म्हणजे रु. ८,२००. अडतीस हजारांतून ते आणि धावपळीचे पाच हजार वजा केले की रु. २४,८०० उरतात. फरक रु. १२,३०० चा पडला. एकही नवा भाग न घेता, केवळ मोजल्याने आणि तपासल्याने भाव जवळजवळ दुप्पट झाला.

याच हिशेबात कागदांचे महत्त्वही दिसते. समजा आर.सी. बुक नाही आणि मिळण्याची आशाही नाही. मग तयार गाडीलाच, धरा, रु. ६०,००० मिळतील. बाकी काम मात्र कागदाचा खर्च सोडला तरी रु. ७६,००० चे. म्हणजे गाडी म्हणून या ढिगाची किंमत शून्याखाली गेली. बुक नसलेला माल पूर्ण गाडीच्या आशेने धरून ठेवण्यात अर्थ उरत नाही. त्याला भागांचीच किंमत आहे. तेव्हा विकण्यापूर्वी दुय्यम प्रतीसाठी आर.टी.ओ.चे चार हेलपाटे घालणे हेच या धंद्यातले सर्वांत किफायतीचे काम ठरू शकते.

आपण आजवर केलेल्या खर्चाबद्दल एक शब्द. चाकांच्या क्रोमला आपण पंधरा हजार घातले असतील, तर त्याची पावती दाखवून ते पंधरा हजार भावात वेगळे चढवू नयेत. क्रोम आजही शाबूत असेल तर 'बाकी काम' तितके घटलेलेच आहे, म्हणजे त्याचा लाभ हिशेबात आला. क्रोम पुन्हा गंजले असेल तर ते पैसे गेले. गिऱ्हाईक आपल्या जमाखर्चाचे पैसे देत नाही, समोरच्या मालाचे देतो.

अख्खी विकावी की सुटी

आता भागांचा भाव पाहू. पुन्हा मानलेले आकडे : टाकी ६,०००, सायलेन्सरची जोडी ४,०००, मीटरसह पुढचा दिवा ४,५००, कार्बोरेटर २,५००, दोन चाके ५,०००, अपुरे इंजिन ९,०००, चिमटा ३,५००, किरकोळ ४,०००. बेरीज रु. ३८,५००. ही रक्कम अख्ख्या मालाच्या रु. २४,८०० पेक्षा बरीच जास्त आहे, म्हणून मोह होतो.

पण कापडवाल्याला येथे आपला जुना अनुभव आठवतो. गठ्ठ्यातून पसंतीचे तागे वेचून दिले की ते त्याच दिवशी जातात, आणि उरलेला गठ्ठा वर्षभर कपाट अडवतो. टाकी, दिवा, कार्बोरेटर आणि सायलेन्सर यांना लगेच गिऱ्हाईक मिळेल. त्यांचे रु. १७,००० हाती येतील. उरलेले रु. २१,५०० मात्र कागदावरच राहतात. चांगले भाग गेल्यावर त्या ढिगाला गाडी म्हणून कोणी घेत नाही. शिवाय बांधणी, पाठवणी, परत आलेला माल आणि रोजचे फोन यांत जाणारा वेळ वेगळा.

यावरून आमचा ठोकताळा असा. क्रमांक जुळत असतील, कागद असतील आणि मोठे भाग नव्वद टक्के हाताशी असतील, तर माल अख्खाच विकावा आणि कोणालाही त्यातून वेचू देऊ नये. चौकट मोडलेली असेल, कागदांचा पत्ता नसेल किंवा दोन-तीन गाड्यांची खिचडी असेल, तर सुटे विकावे. सुटे विकण्यापूर्वी गाडी कायमची निकामी झाल्याचे आर.टी.ओ.ला कळवून, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करून घ्यावी. त्यासाठी चौकट आणि बुक शेवटपर्यंत आपल्याजवळ ठेवावे.

भंगाराचा भावही मांडून ठेवावा. समजा १३० किलो माल आणि सरासरी रु. ३५ किलो, तर रु. ४,५५० होतात. हा आपला तळ. याच्या आसपास कोणी बोलत असेल तर तो गाडी घेत नाही, लोखंड घेत आहे हे ओळखावे.

मध्येच कोणी सल्ला देतो की आधी रंग मारून घ्या, भाव येईल. सुट्या मालावर नवा रंग चढवला की गिऱ्हाइकाला खालचा गंज आणि वेल्डिंग दिसत नाही. म्हणजे शंका वाढते आणि भाव उतरतो. शिवाय त्याला हवा तो रंग आपण लावलेला नसतो. साफसफाई करावी, तेल लावावे, रंग त्याच्यावर सोडावा.

गिऱ्हाईक कुठे आणि बोलणे कसे

पुण्याची नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईचे कुर्ला आणि ऑपेरा हाऊस येथे भागांच्या भावाची चौकशी होऊ शकते. पण तेथील दुकानदार पुन्हा विकण्यासाठी घेतो, म्हणून तो देईल तो भाव घाऊक समजावा. अख्ख्या मालाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे हौशी मालक आणि जुन्या गाड्यांचे जाणते मिस्त्री. जावा-येझदीवाल्यांचा मेळा दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी अनेक शहरांत भरतो. त्यापूर्वीच्या एक-दोन महिन्यांत माल दाखवावा, कारण त्या दिवसांत गाडी उभी करण्याची हौस जागी असते. आज मोबाईलवरून फोटो घरबसल्या सर्वत्र जातात. फोटो चादरीवर मांडलेल्या मालाचे, उजेडातले असावेत. तडा, गंज, भोक यांचे फोटो वेगळे आणि जवळून घ्यावेत. पूर्ण चेसिस नंबर मात्र सार्वजनिक ठिकाणी टाकू नये. तो समक्ष आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवावा.

जाहिरातीत 'थोडे काम बाकी', 'सगळे भाग आहेत', 'दुर्मिळ' असे शब्द टाळावेत. त्याऐवजी काय आहे, काय नाही, बोअरचे माप किती, क्रमांक जुळतात की नाही, बुक कोणाच्या नावे आहे आणि मागणी किती, एवढे लिहावे. किंमत न लिहिल्यास फुकटचे फोन येतात.

फोन येण्यापूर्वी दोन आकडे कागदावर लिहून घरच्या माणसाला दाखवून ठेवावेत : मागण्याचा भाव आणि त्याखाली न उतरण्याचा भाव. आपल्या उदाहरणात रु. ३०,००० आणि रु. २२,००० ठीक राहतील. चार-पाच आठवड्यांत समक्ष पाहायला कोणी आलेच नाही, तर मागणी जास्त आहे असे समजून एक पायरी खाली यावे. लोक येऊन, पाहून परत जात असतील, तर दोष भावात नसून आपल्या वर्णनात आहे. यादी पुन्हा तपासावी.

बयाणा घेतला तर पावती द्यावी आणि मुदत लिहावी. मुदतीत माल न उचलल्यास बयाण्याचे काय होईल, हेही त्याच पावतीवर असावे. तोंडी बयाण्यातून जितकी भांडणे उभी राहतात, तितकी भावावरून राहत नाहीत.

ऐब सांगूनच विकावा

ऐब लपवून माल विकण्याला शरीअतने मनाई केली आहे आणि ऐब निघाल्यास गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क दिला आहे, हे आपण जाणतो. देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला तो माल विकण्याचा हक्क असला पाहिजे. 'जसा आहे तसा' असे लिहिल्याने इंजिन क्रमांक खोटा सांगण्याची सूट मिळत नाही.

धंद्याच्या दृष्टीनेही ऐब सांगणे फायद्याचे आहे. यादीत 'तिसऱ्या गिअरचे दोन दात तुटलेले' असे लिहिलेले दिसले की गिऱ्हाईक उरलेल्या यादीवरही भरवसा ठेवतो. एक ऐब त्याने स्वतः शोधून काढला, तर तो न दिसलेले दहा ऐब मनात धरतो आणि त्या दहांचे पैसे कापतो.

सौदा झाल्यावर

सर्वांत मोठा धोका पैसे मोजून घेतल्यानंतर सुरू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, त्याच राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. नमुने २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. पण खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. सुटी गाडी तपासणीला जाऊ शकत नाही, म्हणून नाव बदलणे पुष्कळदा लांबते. घेणारा तीन-चार वर्षांनी गाडी उभी करतो, रस्त्यावर काढतो आणि अपघात झाला तर बुकात नाव आपले असते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक समजला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. पंचवीस हजारांच्या विक्रीसाठी लाखोंचे ओझे डोक्यावर घेण्यासारखे हे आहे.

म्हणून माल हलवण्यापूर्वी एक तहरीर करावी. तीत दोघांची नावे, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती, चेसिस आणि इंजिन क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, गाडी सुट्या भागांत व न चालणाऱ्या स्थितीत दिल्याचा उल्लेख आणि सोबत मालाची यादी असावी. नमुना २९ भरून, सह्या घेऊन आर.टी.ओ.कडे विक्रीची सूचना द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. नाव बदलून घेण्याची मुदत तहरीरीत लिहावी. शक्य असेल तेथे थोडी रक्कम राखून ठेवून, ती नाव बदलल्यावर घ्यावी. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून कोणाच्याही हातात देऊ नयेत.

घेणाऱ्याला एक माहिती उपयोगी पडेल. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी रु. २०,००० असून ती १० वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली यांसारख्या कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. मूळ चौकट आणि मूळ इंजिन असलेल्या ढिगाला जाणकार जास्त भाव का देतात, त्याचे हेही एक कारण आहे.

ज्यांच्या पडवीत असा माल पडून आहे त्यांनी प्रथम आर.सी. बुक शोधावे, नंतर क्रमांकाचा ठसा घ्यावा, नंतर चादर अंथरावी, आणि भाव सर्वांत शेवटी ठरवावा. हा क्रम उलटा केला की भंगारवाल्याचा काटाच भाव सांगतो. येत्या सुट्टीच्या दिवशी निदान पोत्याची गाठ सोडून यादीला हात घालावा. गरज दारात उभी राहण्याआधी केलेली यादीच गरजेच्या दिवशी कामी येते.